क्रँक सेंटर केला की बॅलन्स?

जुन्या बुलेटचा क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा इंजिनातला भाग, घेऊन मालक येतो आणि ऐटीत सांगतो, "बॅलन्स करून आणलाय." बहुतेकदा तो फक्त सेंटर केलेला असतो, कधीकधी तोही नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीच्या चिखलातून निघालेली इंजिनं उघडताना हे इतक्यांदा ऐकलं की कान किटले.

क्रँक म्हणजे एका पिनने जोडलेली दोन फ्लायव्हील (जड चाकं) आणि बाहेर दोन्हीकडे एकेक शाफ्ट; पिनवरचा रॉड पिस्टनला जोडलेला. नवा रॉड, नवी पिन घालून हे प्रेसखाली कसं बसवतात, ते सोडतो.

बॅलन्स हा वजनाचा हिशेब. पिनच्या समोरचं वजन फिरणाऱ्या भागांना पूर्ण तोलतं, आणि वर-खाली होणाऱ्या पिस्टनला काही अंशीच. एका सिलिंडरच्या इंजिनात नुसत्या क्रँकवरच्या वजनाने याहून जमत नाही: उभी थरथर मारावी, तर ती आडवी निघते. पिस्टन-रॉड मूळ वजनाचेच असतील तर इथे हात लावायचं कारणच नाही.

सेंटर म्हणजे दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, एवढंच. प्रेसखालून निघालेला क्रँक आपोआप सरळ येत नाही. तो दोन सेंटरमध्ये, म्हणजे शाफ्टची टोकं पेलणाऱ्या दोन टोकांत, धरा, दोन्ही शाफ्टवर फ्लायव्हीलजवळ डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) लावा आणि हाताने सावकाश फिरवा. दोन्ही काटे एकाच वेळी चढले तर फ्लायव्हील तिरकी बसलीत. पिनच्या बाजूला चढले तर पिनच्या समोर दोन फ्लायव्हीलमधली फट कमी आहे, तिथे पाचर मारा. समोरच्या बाजूला चढले तर फट जास्त आहे, तिथे व्हाइसमध्ये दाबा. एक काटा चढताना दुसरा उतरत असेल, तर एक फ्लायव्हील पिनवर फिरलंय; तांब्याच्या हातोड्याने काठावर ठोका द्या आणि पुन्हा बघा. बरेच जण ०.०५ मिमीला गाडी सोडतात. मी ०.०२ च्या वर सोडत नाही.

घोळ इथे होतो. बॅलन्स बघताना क्रँक दोन पात्यांवर ठेवतात आणि रॉडला ठरलेलं वजन टांगतात. थोडा आउट, म्हणजे सेंटर नसलेला, क्रँकही तिथे निमूट उभा राहतो. आणि अगदी सरळ क्रँकवर जड पिस्टन चढवला तर गाडी एका ठरावीक वेगाला हँडल हलवते. आउट क्रँकचा त्रास मात्र वेगळा: मेन बेअरिंग लवकर जातात, डावीकडे वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा फिरणारा रोटर त्याच्या स्थिर स्टेटरला घासतो.

माझ्याच क्रँकची थरथर घालवायला एकाने फ्लायव्हीलला तीन भोकं पाडली. गाडी कुंभार्ली घाट चढताना तशीच थरथरली. उघडून गेज लावलं, तर आउट ०.१२ मिमी. सेंटर करून घेतला, पण भोकं काही बुजत नाहीत. तो क्रँक आता ग्रीस फासून गोणपाटात आहे, आपल्या खाऱ्या हवेत शाफ्ट उघडा ठेवून चालत नाही. गाडीत दुसरी फ्लायव्हील घातली.