सशाच्या अंगात गाठ हाताला लागली तर

फेब्रुवारी संपत आला आणि पुण्यात ऊन चढायला लागलं की आमची सशीण भुरी केस गाळायला लागते, सोफ्यावर केस, सासूबाईंच्या पूजेच्या आसनावर केस, म्हणून मी रोज रात्री तिला मांडीवर घेऊन विंचरते. असंच एका रात्री विंचरताना डाव्या बाजूला, बरगड्या संपतात तिथे, बोटाखाली काहीतरी मऊ घरंगळलं. मोठ्या बोराएवढं. दाबलं की सरकायचं, सोडलं की परत जागेवर, आणि भुरीला त्याचं काहीच नव्हतं, ती आपली पाय पसरून निवांत. माझे मात्र हात गार पडले, कारण गाठ म्हटलं की आपल्या डोक्यात एकच आजार येतो.

सकाळपर्यंत घरात सल्ले सुरू झाले होते. हळदीचा लेप लाव, मिठाचा शेक दे, शेजारच्या वहिनी म्हणाल्या फोडून टाक म्हणजे घाण निघून जाईल. सगळे मायेनेच बोलत होते, पण मी यातलं काहीही केलं नाही आणि तुम्हीही करू नका, का ते पुढे येईलच.

भुरीची गाठ निघाली चरबीची, म्हणजे डॉक्टर ज्याला लायपोमा म्हणतात ती. आपल्याकडे बहुतेक घरात एखादे काका असतात ज्यांच्या दंडावर किंवा पाठीवर वीस वर्षं लिंबाएवढी गाठ आहे आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही, तीच ही गाठ. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती पातळसा पडदा, पेशीचं केंद्रक बिचारं त्या थेंबामुळे एका कडेला चेपून बसलेलं असतं. अशाच पेशी एका जागी गरजेपेक्षा जास्त वाढत जातात, भोवती पातळ आवरण येतं, आणि गाठ तयार होते. ती सहसा कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या सैल थरात असते म्हणून बोटाखाली सरकते. आजूबाजूच्या अवयवात शिरत नाही, रक्तातून दुसरीकडे पसरत नाही, म्हणून तिला साधी गाठ म्हणायचं. क्वचित एखादी चरबीची गाठ स्नायूंच्या धाग्यांमध्ये घुसते, ती पण लांब पसरत नाही, फक्त काढायला अवघड जाते.

पण इथेच थांबू नका. कुत्र्यांमध्ये चरबीच्या गाठी इतक्या होतात की अनुभवी डॉक्टरांना हात लावूनच अंदाज येतो, सशांमध्ये त्या मानाने कमी. सशाच्या अंगावर गाठ लागली की आधी शंका घ्यायची ती गळवाची. आणि सशाचं गळू आपल्यासारखं नसतं. आपला पू पातळ असतो कारण आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये मेलेलं सगळं विरघळवणारी एन्झाइम भरपूर असतात, सशाच्या पेशींमध्ये ती कमी, त्यामुळे त्याचा पू श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट राहतो. तो वाहून जात नाही आणि औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. म्हणून फोडून टाक हा सल्ला सशाला अजिबात लागू नाही, गळू असेल तर ते आवरणासकट काढावं लागतं, आणि जबड्यावर असेल तर बहुतेक वेळा मूळ दातात असतं.

आणखी एक गोष्ट जिला लोक उगीच घाबरतात. वयात आलेल्या मादी सशाच्या गळ्याखाली चरबीची जाड घडी असते, बैलाच्या गळ्याखाली पोळी लोंबते ना तशी. पिल्लं व्हायच्या आधी ती तिथलेच केस उपटून घरट्यात घालते. ती गाठ नाही. उलट पोटाखाली, स्तनाग्रांच्या ओळीत काही कडक लागलं तर मात्र चरबी असेल म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः मादीचं गर्भाशय काढलेलं नसेल तर. न काढलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर खूप होतो, काही जातींमध्ये चार वर्षांवरच्या माद्यांत ५० ते ८० टक्क्यांपर्यंत, आणि स्तनातल्या गाठी कधीकधी त्याच्या सोबतीने येतात.

मग कळणार कसं? सुईने. डॉक्टर गाठीत बारीक सुई घालतात, आत आलेलं काचपट्टीवर पसरतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. भुरीला भूल द्यावी लागली नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून मी धरलं आणि मिनिटभरात झालं. काचपट्टीवर तेलकट चकाकणारे थेंब होते, कितीही वेळ ठेवले तरी वाळत नाहीत. तो क्षण मी विसरणार नाही. मात्र यात एक मेख आहे जी आमच्या डॉक्टरांनी नीट समजावली, ती अशी की गाठीतली चरबी आणि अंगातली साधी चरबी मायक्रोस्कोपखाली सारखीच दिसते, त्यामुळे सुई गाठीशेजारच्या साध्या चरबीत गेली तरी उत्तर तेच येईल. म्हणून नुसत्या काचपट्टीवर निर्णय होत नाही, हाताला गाठ कशी लागते, किती दिवसांची आहे, किती वाढली हे सगळं जोडून बघावं लागतं.

पुण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, ससे नेहमी बघणारे डॉक्टर शोधावे लागतात, पण शोधाच. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय साधारण ५० किलोमीटरवर आहे, जवळ कोणी मिळालं नाही तर तिथे विचारता येतं. शोधा असं मी इतकं का म्हणते, तर आम्ही आधी एका दवाखान्यात गेलो तिथे काही न तपासता तोंडावाटे द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं होतं. माणसांना, कुत्र्यांना चालणारं साधं औषध. सशाला ते तोंडावाटे दिलं तर जीव जाऊ शकतो! सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते, सीकम, तिच्यात असंख्य जंतू गवत आंबवून त्याचं पोषण करतात, आणि पेनिसिलीनच्या जातीची औषधं पोटात गेली की त्यातले चांगले जंतू मरतात आणि विष तयार करणारे क्लोस्ट्रिडियम माजतात. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिनचंही तेच. पिसवांसाठी कुत्र्यांच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिल पण सशाला विषारी आहे, हे दारावर लिहून लावावं इतकं महत्त्वाचं आहे.

आता मुख्य मुद्दा. गाठ चरबीची आहे म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाटलं की हिची चरबी उतरवली की गाठ पण उतरेल, चला खाणं कमी करू. असं होत नाही. शरीराला भूक लागली की ते साध्या साठ्यातली चरबी वापरतं, गाठीतली सहसा तशीच राहते. बारीक झालेल्या अंगावर ती उलट जास्त ठळक लागते. आणि सशाला उपाशी ठेवणं म्हणजे गाठीपेक्षा शंभरपट मोठं संकट ओढवून घेणं. सशाचं पोट सतत चालू राहायला लागतं, बारा तास काही खाल्लं नाही तर आतडं मंदावतं, वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो अजून खात नाही. लठ्ठ सशाचं तर आणखी वाईट, खाणं थांबलं की साठ्यातली चरबी धो धो रक्तात येते आणि यकृतात जाऊन बसते, आणि एक-दोन दिवसांत यकृत हात टेकतं. म्हणजे ज्या चरबीच्या गाठीला आपण भीत होतो ती नुसती बसून आहे, आणि ज्या साध्या चरबीकडे लक्ष नव्हतं ती जीव घेऊ शकते.

भुरी लठ्ठ होतीच. अडीच किलोला पन्नास ग्रॅम कमी. सासूबाई प्रेमाने रोज तूप लावलेल्या पोळीचा तुकडा द्यायच्या, वर बिस्किट, मुरमुरे, आणि ससा म्हणून गाजर, गाजर म्हणजे सशाला मिठाईच. ते सगळं बंद केलं, खाणं मात्र कमी केलं नाही, बदललं. आता दिवसभर तिच्यासमोर वाळलेल्या गवताचा ढीग असतो, तोच तिच्या जेवणाचा चार-पंचमांश भाग. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, ते गवत चावूनच झिजतात. सोबत मंडईतून आणलेली कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, घराजवळची स्वच्छ धुतलेली हरळी. लसूणघास मोठ्या सशाला चवीपुरताच, त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त, आणि सशाचं शरीर खाल्लेलं जवळजवळ सगळं कॅल्शियम शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं, त्यामुळे मूत्राशयात गाळ साचू शकतो. हे सगळे बदल हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत. सासूबाईंना वाईट वाटलं, मग त्यांनी पोळीऐवजी कोथिंबिरीची जुडी निवडून स्वतःच्या हाताने भरवायचं ठरवलं. चार महिन्यांत भुरी सव्वादोन किलोवर आली, म्हणजे आठवड्याला साधारण अकरा-बारा ग्रॅम. गाठ तेवढीच.

गाठ मोजायची पण एक पद्धत आहे. अंदाजाने वाढल्यासारखी वाटते याला अर्थ नाही, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या बॅगेतला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घेतला आणि दर महिन्याच्या एक तारखेला लांबी, रुंदी वहीत लिहितो. इथे एक साधं गणित लक्षात ठेवा, गोल गाठ २० मिलिमीटरची २५ झाली तर डोळ्याला थोडीच वाढलेली वाटते पण तिचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. अशी वाढ महिन्याभरात दिसली, किंवा गाठ कडक झाली, सरकेनाशी झाली, वरची कातडी लाल झाली किंवा फुटली, काखेत असेल आणि चाल बदलली, तर डॉक्टरांकडे लगेच.

मग काढूनच का टाकत नाही, असं सगळे विचारतात. कारण सशाची भूल. ब्रिटनमध्ये हजारो प्राण्यांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ टक्के निघाले, निरोगी सशांत त्याच्या साधारण निम्मे. बरेचसे मृत्यू ऑपरेशन झाल्यावरच्या तासांत. गरज असेल तर ऑपरेशन करावंच, पण नुसती दिसते म्हणून नको, असं मला मनापासून वाटतं. आणि करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं, आणि शुद्धीवर आला की लवकरात लवकर खायला घालायचं, वेदनाशामक मागून घ्यायचं.

ससा दुखणं लपवतो, रानात आजारी दिसलेला ससा आधी शिकार होतो म्हणून. संशोधकांनी २०१२ साली सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार केली, त्यात पाच गोष्टी बघतात: डोळे आवळलेले, गाल आत गेलेले, नाकपुड्यांचा आकार बदललेला, मिशा ताठ, कान मागे चिकटलेले. घरी याहून सोपं म्हणजे रोज सकाळी लेंड्या बघा. गोल, मोठ्या, भरपूर असतील तर पोट चालू आहे. बारीक झाल्या, कमी झाल्या, ससा कोपऱ्यात कुबड काढून बसून करकर दात खातोय, तर उद्यावर ढकलू नका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. आपल्या तळजाईवर किंवा सिंहगडाच्या वाटेला दिसतो तो रानससा आणि आपला पाळीव ससा एक नाहीत. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन, पोर्तुगालकडचे, जमिनीखाली गार बिळात राहणारे. त्यांना घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर जाते, आणि अंगावर चरबीचा थर असेल तर ती अजूनच अडकते. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा ४० च्या घरात गेला की मी पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून कापडात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवते, कान ओल्या हाताने पुसते.

आता पावसाळा आहे तर मागची बाजू दिवसातून दोनदा बघते. लठ्ठ ससा मागे वळून स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊ शकत नाही, त्या त्याने खायच्याच असतात, त्यात व्हिटॅमिन बी असतं, मग त्या केसांना चिकटतात, माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. भुरी आता वळू शकते. परवा पहाटे स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ती मान वळवून व्यवस्थित खाताना दिसली, आणि एक तारखेला गाठ मोजली तेव्हा वहीत पाचव्यांदा तोच आकडा लिहिला, २१.