एका मुळावर टांगलेलं गवत

अमेरिकेतल्या डेन्व्हरला पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला सुमारे ३७० मिलिमीटर पाणी मिळतं, पुण्याच्या साधारण निम्मं. तरी तिथल्या घरांपुढे वर्षानुवर्षं केंटकी ब्लूग्रासचं लॉन पोसलं गेलं, अर्थात नळाच्या पाण्यावर. आता ते उपटून काही जण ब्लू ग्रामा लावतात. हे तिथल्याच माळरानाचं गवत आणि १९८७ पासून कोलोरॅडोचं राज्यगवत. ‘याला पाणी लागत नाही’ एवढंच ऐकून बी फेकलं, तर हिरवे कोंभ दिसतात खरे, पण दोन महिन्यांत वाफा पुन्हा उघडा पडतो.

असं का होतं, ते कळायला रोप उपटून पाहावं. बी रुजलं की एकच बारीक मूळ खाली जातं. मग बी आणि कोंभ यांमधला दोऱ्याएवढा दांडा लांबतो आणि कायमची मुळं जिथून फुटायची ती जागा जमिनीच्या अगदी वरच्या थरात येऊन बसते. नेमका हाच थर सगळ्यात आधी सुकतो. तो सलग दोन-तीन दिवस ओला राहिला, तरच तिथून नवी मुळं फुटून मातीत शिरतात. तोवर वाढत्या पानांचं सगळं पाणी त्या एका दोऱ्यातून वर चढायचं. ते पुरत नाही, आणि खाली ओल असूनही रोप तहानेनं मरतं! रानातही बियांपासून नवं रोप क्वचितच टिकतं. पाऊस लागून राहावा लागतो.

वाढलेल्या रोपाची गोष्ट वेगळी. ज्वारी-बाजरीप्रमाणे हेही ‘सी-फोर’ जातीचं, म्हणजे कडक उन्हात थोड्या पाण्यात जास्त अन्न तयार करणारं. मुळांचं जाळं बरंचसं वरच्याच थरात असतं. साला आणि लॉएनरॉथ या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये दाखवलं, की अवघ्या ५ मिलिमीटर सरीनंतर बारा तासांच्या आत त्याची पानं सावरतात. आपण ज्याला शिडकावा म्हणू, तेवढ्यावर! पाणी फारच ताणलं तर ते पिवळं पडून झोपी जातं.

म्हणून बी जूनमध्ये, तिथला उन्हाळा सुरू होऊन माती तापल्यावर, जेमतेम एक सेंटिमीटर खोल पेरावं आणि पहिला उन्हाळा वरची माती ओली ठेवावी. पेरणी दाट हवी, कारण हे हरळीसारखं धावत नाही, ठोंब धरून राहतं. खताचा मोह टाळलेला बरा. त्याचा फायदा तणच घेतं. ऑक्टोबर ते मे ते वाळल्या गवताच्या रंगाचं असतं, बारमाही हिरवं हवं असेल त्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

कापणीही फारशी नको. उन्हाळ्यात वीतभर पानांवर तुरे येतात. काडीच्या टोकाला आडवा, एकाच बाजूला केस असलेला, जांभळट झाक असलेला तुरा, थेट पापणीसारखा. वाळला की चंद्रकोरीसारखा वळतो आणि पहिल्या बर्फातही काडीवर तसाच उभा असतो.