बुद्धिगुणांक

बुद्धिमापन कसोटीतील कामगिरीवरून व्यक्तीचे तिच्या वयोगटातील सापेक्ष स्थान दाखवणारा अंक. ‘आयक्यू’ या लघुरूपाने तो अधिक परिचित आहे. उंची किंवा वजन मोजावे तशी डोक्यातली एखादी राशी हा अंक मोजत नाही. कसोटीचे प्रमाणीकरण (म्हणजे तुलनेची मानके ठरवणे) ज्या गटावर झाले, त्या गटाच्या रांगेत व्यक्ती कुठे उभी आहे, एवढेच तो सांगतो. त्याच्याविषयीचे बरेचसे गैरसमज हा फरक विसरल्याने होतात.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बीने आणि थिओडोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली व्यवहार्य कसोटी तयार केली, ती नेहमीच्या वर्गात मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले हुडकण्यासाठी. १९०८ च्या आवृत्तीत त्यांनी मानसिक वयाची, म्हणजे मूल कोणत्या वयाच्या सरासरी मुलाइतकी कामगिरी करते याची, कल्पना आणली. बुद्धी जन्मतःच कायमची ठरते, हे मत बीने यांना अजिबात मान्य नव्हते. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली आणि १९१६ च्या स्टॅनफर्ड-बीने कसोटीत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा भरले, तर अंक १२५. मुलांपुरते हे ठीक होते. पण चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय पन्नास आहे, याला काही अर्थ नाही. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ च्या आपल्या कसोटीत हा भागाकार सोडून समवयस्कांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजले. आजचे अंक त्याच पद्धतीचे आहेत.

या पद्धतीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) बहुधा १५ धरतात. त्यामुळे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. १३० च्या वर आणि ७० च्या खाली प्रत्येकी दोन टक्क्यांहून थोडे अधिक. घंटेच्या आकाराचा हा आलेख निसर्गात सापडलेला नियम म्हणून दाखवला जातो. वास्तविक कच्च्या गुणांचे रूपांतरच असे केलेले असते की तो आकार यावा. शिवाय या मोजपट्टीला खरे शून्य नाही. म्हणून १४० गुणांकाची व्यक्ती ७० वाल्याच्या दुप्पट हुशार, हे विधान निरर्थक ठरते. कसोटीचे नाव न सांगता नुसता अंक सांगणेही तितकेच पोकळ. कॅटेल कसोटीच्या काही आवृत्त्यांत प्रमाण विचलन २४ आहे. तिथले १४८ आणि वेक्सलरचे १३० हे रांगेतले एकच स्थान.

प्रत्येक मापनात त्रुटी असते. काळजीपूर्वक घेतलेल्या कसोटीतही मिळालेला अंक पाच-सहा गुणांनी इकडे-तिकडे धरावा लागतो. अमेरिकेत हा प्रश्न जीवन-मरणाचा झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना देहदंड देता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले होते. तरी फ्लॉरिडा राज्य ७० च्या वर अंक असलेल्या आरोपीचे पुढचे पुरावेच विचारात घेत नसे. अशाच एका देहदंड झालेल्या कैद्याचा, हॉल यांचा, अंक ७१ होता. ‘हॉल विरुद्ध फ्लॉरिडा’ या २०१४ च्या निकालात न्यायालयाने ही ताठर रेषा घटनाबाह्य ठरवली. मापनातील त्रुटी हाच त्यातला कळीचा मुद्दा होता.

रांग स्वतःही हलते. विसाव्या शतकात अनेक देशांत कसोट्यांवरील कामगिरी दर दशकाला सुमारे तीन गुणांनी वाढत गेली. जेम्स फ्लिन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पुढे ही वाढ थांबून उलटली. एवढ्या थोड्या पिढ्यांत आनुवंशिक बदल इतका होत नाही, तेव्हा शिक्षण, पोषण, अमूर्त विचाराची सवय अशा कारणांकडेच पाहावे लागते. व्यवहारातला परिणाम असा, की जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे आधीच्या काळातील गटाच्या सरासरीवर, तपासलेल्या व्यक्तीचा अंक फुगलेला निघतो.

गटागटांच्या तुलनेत तर फारच घोळ झाला आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांवर लोकांची चाचणी घेतली. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये त्या आकड्यांवरून युरोपातल्या वंशांची उतरंडच मांडली. स्थलांतरितांचे गुण अमेरिकेतील वास्तव्याच्या वर्षांबरोबर वाढताना दिसत होते. भाषा आणि परिचय हे सरळ कारण सोडून त्यांनी अलीकडे येणारे लोकच कमी प्रतीचे, असा अर्थ लावला. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच हे निष्कर्ष मागे घेतले. बुद्धीतील फरकांपैकी किती आनुवंशिक, हे सांगणाऱ्या टक्केवारीचाही असाच चुकीचा अर्थ लावला जातो. ती एका जनसमूहातील फरकांविषयी बोलते. एका माणसाची बुद्धी किती रक्तातून आली, किंवा दोन समूहांत फरक का, हे तिच्यातून निघत नाही.

म्हणून अंक निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. शालेय यशाशी त्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण नाते) साधारण ०.५ च्या आसपास येतो. मानसशास्त्रातील अंदाजांत हा दणकट म्हणावा लागेल. तरीही यशातील तफावतीचा जेमतेम चौथा हिस्सा त्यातून उलगडतो. निदानात तज्ज्ञ एकूण अंकापेक्षा उपकसोट्यांचा आराखडा पाहतात. शब्दज्ञान उत्तम पण कामाचा वेग फार कमी, अशा मुलाची सरासरी त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. बौद्धिक अक्षमतेची तीव्रता ठरवताना अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने गुणांक मागे ठेवला असून दैनंदिन व्यवहार, संवाद आणि स्वतःची काळजी किती घेता येते, यांना आधार मानले आहे.