अझोला की साल्विनिया: तळ्यात उतरण्यापूर्वी

पावसाळा सरून तळ्याचे पाणी स्थिरावले की काठालगत हिरवा थर दिसू लागतो आणि गावातील मंडळी रविवार गाठून टोपल्या व जाळी घेऊन सफाईला उतरतात. गेल्या कार्तिकात आम्हीही दहा-बारा जण उतरलो होतो. दुपारपर्यंत काढलेला सगळा ढीग आम्ही मानशीजवळच्या (तळ्याचे पाणी शेतात सोडण्याच्या दारापाशी असलेल्या) बांधावर टाकला आणि त्यात अझोला किती, साल्विनिया किती, हे कोणी पाहिलेच नाही. संध्याकाळी वायंगण शेतीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी, मानस उघडली तेव्हा ढिगाच्या कडेचे तुकडे पाण्याबरोबर खालच्या खाचरांत गेले. ती चूक आमचीच होती, आणि ती केवळ अज्ञानातून झाली.

दोन्ही वनस्पती पाण्यावर तरंगणारे नेचे आहेत, दोन्हींना फुले येत नाहीत आणि दोन्ही पाण्यावर गालिचा पसरतात. मात्र अझोला पिन्नाटा आपल्याकडचाच आहे, तर साल्विनिया मोलेस्टा मूळचा आग्नेय ब्राझीलचा. अझोलाचे रोप अंगठ्याच्या नखाएवढे, साधारण त्रिकोणी असते. खवल्यांसारखी बारीक पाने एकमेकांवर चढलेली असतात आणि कडक उन्हात ती तांबूस होतात. साल्विनियाची पाने जोडीने येतात, लंबगोल असतात आणि त्यांच्या वरच्या बाजूस उभे केस असतात. भिंगातून पाहिले तर चार-चार केसांची टोके वर जुळून इवलासा पिंजरा झालेला दिसतो. पाण्यात लोंबणारा तपकिरी झुपका मुळांचा वाटतो, पण ते त्याचे तिसरे पान आहे; खरी मुळे त्याला नसतातच. अझोलाच्या खाली मात्र खरी मुळे लोंबतात. घोटाळा होतो तो कोवळ्या साल्विनियाबाबत, कारण दाटी होण्यापूर्वी त्याची पाने लहान आणि पाण्यावर सपाट पसरलेली असतात.

अझोलाच्या पानांतील पोकळ्यांत राहणारे नीलहरित जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून भातशेतीत त्याचे खत होते आणि गुरांनाही तो चारतात. त्याला स्फुरद मात्र पाण्यातूनच घ्यावे लागते. त्यामुळे तळ्यात तो अचानक फोफावला तर सांडपाणी कोठून येते ते आधी शोधावे, असे माझे ठाम मत आहे. साल्विनिया वांझ आहे, त्याचे बीजाणू रुजत नाहीत. तो वाढतो तुटलेल्या तुकड्यांतून, आणि अनुकूल पाण्यात आठवड्याच्या आत दुप्पट होतो. म्हणजे अर्धवट सफाईने त्याचा प्रसारच होतो.

ओळख चुकल्याने किती वर्षे वाया जातात, याचा दाखला साल्विनियाच्याच इतिहासात आहे. 1972 पर्यंत त्याला दुसऱ्याच जातीचे मानले जात होते, त्यामुळे त्याचे भक्षक कीटकही भलत्याच प्रदेशांत शोधले गेले. खरी मातृभूमी सापडल्यावर तेथील सुमारे दोन मिलिमीटर लांबीचा सोंडकिडा, सिर्टोबॅगस साल्व्हिनी, 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील मूंडारा जलाशयात सोडण्यात आला आणि दीड वर्षाच्या आत तेथील थर नाहीसा झाला. पुढे केरळमध्येही त्याचा उपयोग झाला. हा किडा साल्विनियावरच जगतो, त्यामुळे अझोलाचा थर हटवायला तो निरुपयोगी आहे. शिवाय तो सोडणे शासकीय संशोधन संस्थेच्या देखरेखीखालीच व्हावे.

करमळीसारखी गोव्यातील अनेक तळी भातशेतीसाठीच बांधली गेली, म्हणून तळ्यातले तण मानशीतून थेट शेतात पोहोचते. आता आम्ही काम सुरू करण्याआधी मानस बंद करतो आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी लावतो. टोपल्या दोन ठेवतो: अझोलाची टोपली गोठ्यात किंवा खतकुंडीत रिकामी होते, तर साल्विनियाची बांधापासून दूर, उंच कोरड्या जागी. तेथे तो चुरगळला की मोडेल इतका वाळेपर्यंत उन्हात राहतो, आणि टोपली धुतलेले पाणीही आम्ही तळ्यात परत टाकत नाही.