मोसूल, जाफना, मुरीदके : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पहलगामचा हल्ला झाला, पाठोपाठ ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं आणि सातारा-कऱ्हाडकडे एक जुना वाद पुन्हा रंगात आला. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तो ‘सीमेपलीकडील युद्धाने देश दहशतवादापासून सुरक्षित होतो’ अशा इस्त्रीच्या भाषेत येतो, पारावर ‘एकदा घुसून मारलं की गप बसतील’ अशा रांगड्या भाषेत. ऐकायला माजी सैनिक दोन्हीकडे असतातच, जिल्हाच तसा आहे. (घुसायची सगळ्यात जास्त घाई असलेला माणूस बहुधा बराकीत कधी झोपलेला नसतो, हे आपलं जाता जाता.) या वादात अमेरिका, इराक, श्रीलंका, बालाकोट ही नावं एका दमात घेतली जातात आणि तिथंच घोटाळा होतो. ही सगळी युद्धं एका जातीची नव्हती.

इराकपासून सुरुवात करू, कारण तो देश साताऱ्याला वाटतो तितका परका नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी बसवलेला दगड गावात आजही आहे. त्या युद्धात मराठा पलटणींतल्या बऱ्याच पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. ११७ वी पलटण १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाला लढली. १०३ आणि ११० या पलटणी तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने शिबंदी उपाशीतापाशी टिकली. खायला घोड्याचं मांस उरलं, ते बऱ्याच हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे तोंडाला लावलं नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसूलच्या दक्षिणेला शरकतच्या लढाईत ११४ व्या पलटणीने इतकी शौर्यपदकं मिळवली की बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये ‘शरकत दिन’ पाळण्याची प्रथा पडली.

मधल्या काळात, मार्च १९१७ मध्ये, इंग्रजांचा जनरल मॉड बगदादमध्ये शिरला. आम्ही जिंकायला नाही, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत, असा त्याने जाहीरनामा काढला. तीन वर्षांत, १९२० मध्ये, इराक इंग्रजांविरुद्ध पेटला. तो उठाव मोडायला जी फौज वापरली तिच्यात बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. त्या उठावानंतर ८३ वर्षांनी त्याच देशात दुसऱ्या एका फौजेने, अमेरिकेच्या, जवळपास मॉडचीच घोषणा केली, हे वाद घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

‘तिकडे लढलो तर इकडे लढावं लागणार नाही’ हा युक्तिवाद आजच्या रूपात आला तो ११ सप्टेंबर २००१ नंतर. त्या दिवशी अमेरिकेत २,९७७ माणसं मारली गेली आणि ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर हल्ले सुरू झाले. तिथं या युक्तिवादाला पाया होता. अल-कायदाला तालिबानने आसरा दिला होता. तळ होते, प्रशिक्षणाची केंद्रं होती, पत्ता ठाऊक होता. तो आसरा गेला. अमेरिकेत त्यानंतर त्या आकाराचा हल्ला झाला नाही. याचं श्रेय युद्धाला द्यायचं की विमानतळावरच्या झडतीला, व्हिसाच्या चाळणीला, हेरखात्यांच्या नव्या व्यवस्थेला, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे, पण युद्धाचा वाटा शून्य होता असं म्हणणारा हट्टीच. वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तालिबान परत काबूलमध्ये आले. पुढच्याच वर्षी अल-कायदाचा म्होरक्या अल-जवाहिरी काबूलमधल्याच एका घरात सापडला आणि तिथंच ड्रोनने मारला गेला. युद्धाचे समर्थक याला यश म्हणतात. विरोधक विचारतात, तो तिथं राहायला आलाच कसा?

आपल्यासाठी अफगाणिस्तानची गोष्ट त्याआधीच सुरू होते. १९७९ ते ८९ या काळात रशियाविरुद्ध लढायला जी टोळकी पोसली गेली, त्यांतल्या काहींची तोंडं नंतर काश्मीरकडे वळली. ते युद्ध दुसऱ्यांचं, पण उधारी आपल्या नावावर चढली. डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान कंदाहारला नेलं गेलं, ओलिसांच्या बदल्यात कैदेतल्या मसूद अझहर या दहशतवाद्याला सोडावं लागलं. २००० मध्ये त्याने जैश-ए-महंमद उभी केली आणि १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला.

इराकचं मात्र आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असं झालं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हुकूमशहा सद्दामचा हात नव्हता आणि ज्या महासंहारक अस्त्रांचा बोभाटा केला ती सापडली नाहीत. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं, बगदाद तीन आठवड्यांत पडलं. खरी चूक त्यानंतरची. मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं एका फतव्याने घरी बसली. हातात हत्यार चालवण्याचं शिक्षण, खिशात पगार नाही आणि मनात अपमान. आपल्याकडे फौजेतून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसालाही पेन्शन दोन महिने लांबली तर घर कसं हलतं, हे साताऱ्यात कोणाला सांगायला नको. पुढे ‘इस्लामिक स्टेट’च्या वरच्या फळीत सद्दामच्या फौजेतले जुने अधिकारी दिसले, त्याचं मूळ इथं आहे. त्या संघटनेचा प्रमुख झालेला बगदादी २००४ मध्ये अमेरिकेच्याच बक्का छावणीत कैदी होता.

युद्धात सामील झालेल्या देशांचं काय झालं? ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १९० हून अधिक माणसं गेली. तीन दिवसांनी तिथं निवडणूक होती, सरकार बदललं आणि नव्या सरकारने इराकमधून सैन्य परत बोलावलं. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५२ जणांचा बळी गेला. स्फोट घडवणारे चौघं ब्रिटनमध्येच राहणारे होते, आणि त्यांच्या म्होरक्याने मागे ठेवलेल्या चित्रफितीत मुस्लिम देशांतल्या युद्धाचाच दाखला दिला होता. इराक युद्धाबद्दलच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीत, युद्धाच्या वेळी एमआय-५ या देशांतर्गत हेरखात्याच्या प्रमुख असलेल्या एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी साक्ष दिली की इराकमुळे देशाला असलेला धोका वाढला. अशी शक्यता गुप्तचर समितीने युद्धाआधी, फेब्रुवारी २००३ मध्येच, सरकारच्या कानावर घातली होती. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचं २००६ चं मूल्यमापनही हेच सांगत होतं. विरोधकांनी नव्हे, त्या त्या सरकारच्या पगारी माणसांनी काढलेला हा निष्कर्ष आहे.

या युद्धात आपण जवळजवळ गेलोच होतो, हे आता फारसं कोणाच्या लक्षात नाही. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे एक आख्खी डिव्हिजन, सुमारे १७,००० जवान, मागितली होती, तीही उत्तर इराकसाठी. म्हणजे शरकतच्याच मुलखात. अनुकूल मतंही दिल्लीत होती : अमेरिकेशी जवळीक वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील. संसदेने एप्रिलमध्ये युद्धाच्या निषेधाचा ठराव केला होता, विरोधी पक्षांचा सैन्य पाठवायला कडवा विरोध होता. वाजपेयी सरकारने दोनेक महिने वेळ काढला आणि १४ जुलै २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाराशिवाय सैन्य पाठवणार नाही असं सांगून टाकलं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या शहाण्या निर्णयांपैकी हा एक, आणि त्याचा पोवाडा कोणी गायला नाही. जून २०१४ मध्ये मोसूल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडलं तेव्हा तिथं काम करणारे ३९ भारतीय मजूर, बहुतेक पंजाबचे, पळवून मारले गेले. त्यांच्या मृत्यूची खात्री व्हायला २०१८ उजाडलं. त्याच २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण घरातून निघून त्या संघटनेत दाखल झाले. सैन्य न पाठवताही झळ एवढी पोचली.

सैन्य पाठवल्यावर काय होतं, त्याचा आपला स्वतःचा धडा श्रीलंकेचा आहे. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तिथं गेली ती तामिळ वाघांकडून शस्त्रं खाली ठेवून घ्यायला. ऑक्टोबरमध्ये जाफनासाठी त्यांच्याशीच लढाई जुंपली. चार डिव्हिजन गुंतल्या, सुमारे १,२०० जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला खुद्द मुख्यमंत्री आले नाहीत. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला याच वाघांनी, शांतिसेना पाठवणाऱ्या राजीव गांधींची हत्या केली. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालची शिक्षा रद्द केली. जनतेत दहशत बसवणं हा या कटाचा हेतू नव्हता, शांतिसेना पाठवणाऱ्यावर सूड उगवायचा होता, असं न्यायालयाने मानलं. कायद्याच्या भाषेत तो दहशतवादही ठरला नाही. पण परमुलखातल्या लढाईचा सूड थेट आपल्या अंगणात आला, यावर याहून स्पष्ट कागद मिळणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला मात्र उलटा मार्ग निवडला गेला. मुंबईत १६६ माणसं मारली गेली. गिरगाव चौपाटीवर जावळीच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, आणि तो जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, पण त्यांच्या पकडीचं मोल पदकापलीकडचं आहे. कसाबच्या जबानीमुळे कट पाकिस्तानात शिजल्याचं जगापुढे मांडता आलं. सरकारने हल्ला केला नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन प्रत्युत्तराच्या बाजूचे होते, मात्र न केलेलंच बरं झालं असं त्यांनी नंतर लिहिलं. त्याऐवजी एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा आली, मुंबईत एनएसजी कमांडोंचा तळ आला, किनाऱ्यावर गस्त वाढली. ज्यांचा राग यावर शांत झाला नाही त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता : सूत्रधार मोकळेच राहिले.

नंतर धोरण फिरलं. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीला पडलेल्यांत माण तालुक्यातल्या जाशीचा जवान होता. अकरा दिवसांत सीमेपलीकडे सर्जिकल स्ट्राइक झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला, मग पाकिस्तानातल्या बालाकोटवर हवाई मारा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जण मारले गेले आणि ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये पाकिस्तानातल्या बहावलपूर, मुरीदकेसह नऊ ठिकाणी मारा झाला. हे इराकसारखं नाही. मुक्काम ठोकलेला नाही, परक्या देशाचं सैन्य बरखास्त करून तिथं राज्य चालवायला घेतलेलं नाही, आणि मार पडला तो पत्ता माहीत असलेल्या तळांवर. त्यामुळे इराकचा दाखला सिंदूरला जसाच्या तसा लावणाऱ्याची स्पर्धेत फजिती होईल. तसंच २०१६ नंतर २०१९ आणि २०१९ नंतर २०२५ कसं उगवलं, याचं उत्तर दुसऱ्या बाजूलाही द्यावं लागेल.

१० मे २०२५ ला लढाई थांबली त्याच दिवशी सरकारी सूत्रांनी सांगितलं की यापुढची दहशतवादी कृती युद्धच मानली जाईल. सहा महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीचा स्फोट झाला. त्याच सुमारास फरिदाबादला सुमारे २,९०० किलो स्फोटकं सापडली होती, आणि तिथवर पोचणारा धागा श्रीनगरच्या नौगाम भागात भिंतींवर लागलेल्या पोस्टरांच्या तपासातून मिळाला होता. संशयित देशातलेच, त्यांत शिकलेले डॉक्टर. १२ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठराव केला, त्यात ‘देशविरोधी शक्ती’ असा उल्लेख आहे आणि कोणत्याही देशाचं नाव नाही.