गच्चीचं पाणी बोअरमध्ये : दोन दांड्यांचं एवढं लक्षात ठेवा

(आमच्याकडून छतपाणी पुनर्भरण बसवून घेतलेल्या आणि यंदा बसवायचा विचार असलेल्या लातूर व परिसरातल्या ग्राहकांसाठी)

मृग लागला की आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "फिल्टर चोक झालाय, गच्चीवर पाणी तुंबलंय, माणूस पाठवा." माणूस येतो, पाइपावरचा वॉल (व्हॉल्व्ह) फिरवतो आणि पाच मिनिटांत पाणी निघून जातं. पण त्या फेरीत त्याचा अर्धा दिवस मोडतो, आणि ज्यांच्याकडे नवीन काम उघडं पडलेलं असतं त्यांचं काम पावसात सापडतं. फेरीचे पैसे घेतले की ग्राहक नाराज, नाही घेतले तर आमचं दिवाळं. म्हणून हे पत्रक. फिल्टरशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवलंत तर उत्तमच.

आधी हिशेब, कारण तो सगळेच विचारतात

१,००० चौरस फूट गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मराठवाड्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. नांदेड-हिंगोलीकडे जास्त, बीड-धाराशिवकडे कमी. म्हणजे गच्चीवर ६५,००० लिटर पडतं. स्लॅब पितो, काही उन्हाने उडतं, काही गच्ची धुण्यात जातं. ते वजा करून ५२,००० लिटर हाती लागतं. पत्र्याच्या छतावरून याहून थोडं जास्त मिळतं. आपल्याकडचा छोटा टँकर ५,००० लिटरचा असतो. म्हणजे बरा पावसाळा झाला तर दहा टँकर गच्चीवरून नालीत जातात.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. वरच्या हिशेबाने गल्लीतली दहा घरं मिळून एका मोसमात तेवढं पाणी नालीत सोडतात.

प्लॉट, घर, सोनं, पोरांचं शिक्षण यांचा हिशेब माणूस दहा वेळा करतो. बोअरचा कुणी करत नाही. पाणी लागलं, मोटार सोडली, विषय संपला. पाच-सात वर्षांनी पाणी खाली गेलं की दुसरा बोअर मारायचा. तो त्याच खडकात, त्याच झिऱ्यांवर असतो. एकाच रांजणात दुसरा तांब्या बुडवला म्हणून रांजण भरत नाही. दुसऱ्या बोअरला जेवढे पैसे जातात त्याच्या लहानशा हिश्शात पहिला बोअर भरायची सोय होते, आणि ती पाइप-वॉल धड असेपर्यंत दरवर्षी चालते. आम्ही हेच विकतो, त्यामुळे आम्ही असं म्हणणारच. तेव्हा मागच्या उन्हाळ्यात टँकरला किती दिले ते स्वतःच्या वहीत बघा आणि मग आमच्या दराशी ताडून पाहा.

आमचा दर गच्चीच्या आकारावर फारसा ठरत नाही. खाली उतरणारे पाइप किती आणि ते बोअरपासून किती लांब, यावर ठरतो. ४ इंची एका पाइपला ५०० ते ६०० चौरस फूट गच्ची पुरे. त्याहून जास्त जोडली तर मोठ्या सरीत पाणी मागे थोपतं. घर बांधतानाच सगळे उतार बोअरच्या बाजूला घ्यायला मिस्त्रीला सांगितलंत तर निम्मं काम तिथेच होतं, आणि त्या सांगण्याला पैसे लागत नाहीत.

दोन वॉल, दोन दांड्या

गच्चीवरून उभा पाइप खाली येतो. त्याच्या तळाशी एक वॉल असतो, त्यातून पाणी नालीत जातं. हा धुण्याचा वॉल. त्याच्या वर उभ्या पाइपातून आडवी फांदी निघते, तिच्यावर दुसरा वॉल, पुढे फिल्टर आणि मग बोअर. हा बोअरचा वॉल. दांडी पाइपाच्या रेषेत असली की वॉल उघडा, पाइपाला काटकोनात असली की बंद. आम्ही दोन्ही वॉल दांडी समोर येईल असेच बसवतो, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं जातं:

दोन्ही दांड्या उभ्या : पाणी नालीत, गच्ची धुतली जातेय.
दोन्ही दांड्या आडव्या : पाणी बोअरमध्ये.
एक उभी, एक आडवी : चुकलं.

धुण्याची आडवी आणि बोअरची उभी असेल तर दोन्ही वाटा बंद आहेत. गच्चीवर पाणी तुंबतं ते बहुतेकदा यानेच. १,००० चौरस फुटांवर इंचभर पाणी साचलं की स्लॅबवर २,३०० किलोंहून जास्त वजन बसतं. म्हणूनच पॅरापिटला एक पाइप आम्ही मुद्दाम उघडा सोडतो. भिंत ओली होते म्हणून तो सिमेंटने बुजवू नका. दुसऱ्या चुकीत, म्हणजे धुण्याची उभी आणि बोअरची आडवी असताना, दोन्ही वाटा उघड्या राहतात आणि गढूळ पाण्यातला वाटा बोअरला जातो.

वेळ आणि बोअर दोन्ही घालवणारी चूक

उन्हाळाभर गच्चीवर काय काय साचतं ते बघा. शेतातून उडून आलेली काळी माती, कबुतरांची विष्ठा, लिंबाचा पाला, वाळवणाचे कण, पतंगाचे कागद. डाळ मिलच्या पट्ट्यात तुरीचं टरफल, जिनिंगजवळ कापसाचे तंतू. पहिल्या पावसात हे सगळं एकदम खाली येतं. त्या वेळी दोन्ही दांड्या उभ्या हव्यात. पण "पहिलं पाणी वाया कशाला घालवायचं" म्हणून लोक त्या मे महिन्यातच आडव्या करून ठेवतात.

मग फिल्टरमधली जाळी दहा मिनिटांत लिंपली जाते. पाणी थोपतं. पाऊस चालू असतो, घरात आरडाओरडा होतो आणि कुणीतरी फिल्टरचं झाकण काढून जाळीच उपसून बाजूला ठेवतं. पाणी झपकन जातं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. खरं नुकसान इथे होतं.

आपला खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बोअरच्या भिंतीला हे झिरे काही ठिकाणी नखाएवढेही रुंद नसतात. काळी माती ओली झाली की फुगते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वरून दाबाने आलेलं गढूळ पाणी ती माती भेगेत घुसवतं आणि ती आत फुगून बसते. पुढे बोअर पाणी घेत नाही आणि देतही नाही. कंप्रेसरने फ्लशिंग केलं तर नळीतला गाळ बाहेर येतो, भेगेत खोल गेलेला सगळा येत नाही. वर मोटार, पाइप, केबल सगळं उपसावं लागतं. २०० लिटर वाचवायला गेलं की हे होतं.

म्हणून मोसमाचा पहिला दणकून पाऊस पूर्ण नालीत जाऊ द्या. भुरभुर धरू नका, तिने माती फक्त ओली होते, धुतली जात नाही. दुसऱ्या पावसाला पंधरा-वीस मिनिटं नालीत जाऊ द्या, मग धुण्याच्या पाइपाखाली स्टीलचा पेला धरा. पिवळी झाक नसेल, मिनिटभर ठेवून तळाला साका बसत नसेल, तर दांड्या आडव्या करा. त्यापुढे पाऊस लागून असेपर्यंत हात लावायची गरज नाही. मध्ये आठ-दहा दिवस उघाड पडली (आपल्याकडे श्रावणात पडतेच) तर पुढच्या सरीला पुन्हा दांड्या उभ्या, पुन्हा पेला. उत्तरा-हस्ताचा पाऊस आपल्या भागात भरीचा असतो, तोपर्यंत कंटाळू नका.

"ऑटोमॅटिक का बसवत नाही?"

पहिलं पाणी आपोआप बाजूला काढणारा, चेंडू असलेला पाइप बाजारात मिळतो आणि आमच्याकडे त्याची मागणीही होते. ४ इंची ५ फूट पाइपात जेमतेम १३ लिटर मावतं. १,००० चौरस फूट गच्ची धुवायला पहिले दोन मिलिमीटर तरी सोडावे लागतात, म्हणजे १८५ लिटर. तेरा लिटरने पायरीसुद्धा धड धुतली जाणार नाही. तेवढं पाणी धरेल असा पाइप लावायला भिंत पुरत नाही. म्हणून आम्ही हाताचे वॉल देतो. त्याला घरातलं एक माणूस लागतं, ही त्याची उणीव आहे आणि ती आम्ही आधीच सांगतो. पावसात घरी कोण असतं ते बघून आम्ही त्यांनाच दांड्या फिरवून दाखवतो. बहुधा त्या घरातल्या आजीच असतात आणि त्या विसरत नाहीत.

प्लंबरने निम्म्या पैशात करून दिलं, असंही ऐकू येतं. अशा कामात बहुधा धुण्याची वाट नसते आणि पाणी केसिंगच्या (बोअरच्या तोंडात बसवलेल्या पाइपाच्या) बाहेरच्या फटीत सोडलेलं असतं. फटीतून जाणारं पाणी सोबत माती ओढतं आणि केसिंगभोवतीची जमीन बसायला लागते. आम्ही बोअरच्या टोपणातून, केसिंगच्या आतच पाणी सोडतो, केबलवर धार पडणार नाही असं.

बोअर पाणी पितो का?

हे बघितल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. दोरीला वजन बांधून पातळी मोजतो आणि १,००० लिटर पाणी सोडतो. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर मावतं. म्हणजे बोअरने थेंबही घेतला नाही तर पातळी दीडशे फूट वर येईल. तासाभराने पुन्हा मोजतो. पाणी जुन्या पातळीजवळ गेलं असेल तर बोअर चांगला. निम्म्यातच अडकलं असेल तर मध्ये टाकी घ्यावी लागेल, कारण तासाभरात इंचभर पाऊस झाला तर १,००० चौरस फुटांवरून सुमारे १,९०० लिटर येतं आणि तेवढं तो बोअर गिळणार नाही. पातळी हललीच नाही तर आम्ही नाही म्हणतो. चाचणीचे पैसे वेगळे घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो.

वाड्यातला जुना आड अजून बुजवला नसेल तर बोअरआधी आम्हाला तो दाखवा. आडाला रुंदी असते, गाळ तळाशी बसतो आणि उपसता येतो. मात्र माळवदाचं पाणी आम्ही बोअरमध्ये घेत नाही. पांढऱ्या मातीचं छत कितीही धुतलं तरी माती सोडतच राहतं. बोअरला लागून संडासाचा शोषखड्डा असेल तरी काम घेत नाही.

"आमचं पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जाईल की." थोडं जाईल. जमिनीखाली कुंपण नसतं. शेजारी तयार असेल तर दोघांचं काम एकदम घ्या, खोदाई आणि येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो.

पाण्याची चव आणि जडपणा पावसाळ्यानंतर कमी झालेला जाणवतो, गीझरला आणि नळाच्या तोटीला पांढरं धरायचं प्रमाण उतरतं. पण पक्ष्यांची विष्ठा जाळीत अडकली तरी तिच्यातले जंतू अडकत नाहीत. प्यायला वापरत असाल तर पाणी तपासून घ्या, उकळून प्या.

जाळी आणि वाळू

जाळी मोसमात तीनदा धुवा: मृगाआधी, श्रावणात, दसऱ्याच्या सुमारास. दांड्या उभ्या करा, झाकण काढा, जाळी बाहेर घ्या आणि स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडे पाण्याची धार मारा. उलटं केलं तर कण जाळीत रुततात. तारेचा ब्रश लावू नका, भोक पडलं की जाळी गेली.

मोठ्या छताला किंवा डाळ मिल-जिनिंगच्या धुळीत आम्ही विटांचा फिल्टर-खड्डा करतो: तळाला दीड फूट ४० मिमी खडी, वर एक फूट २० मिमी, मग अर्धा फूट कच (बारीक खडी), सगळ्यात वर एक फूट धुतलेली वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. यात फक्त वरची दोन इंच वाळू दरवर्षी काढून धुवायची. सगळा खड्डा उपसायची गरज नाही, आणि तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

गच्चीवर साबणाने काही धुवायचं असेल, कूलर रिकामा करायचा असेल, चुना किंवा नवा वॉटरप्रूफिंगचा रंग दिला असेल, तर दांड्या उभ्या. रंगानंतरचे दोन-तीन मोठे पाऊस नालीतच जाऊ द्या.

नवीन कामासाठी

अक्षय्य तृतीयेपर्यंत नोंद केलीत तर रोहिणी निघायच्या आत काम उरकतं. जूनमध्ये नोंद केलीत तर आम्ही येऊ, पण ओल्या मातीत खोदलेला चर बसतो आणि पाइपाचा उतार बिघडतो, त्यामुळे काम पुढे गेलं तर रागावू नका.

ज्यांचं काम झालेलं आहे त्यांनी फोन करण्याआधी दोन्ही दांड्या दिसतील असा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फोटो बघून कुठली फिरवायची ते लगेच कळवतो. मग बहुतेकदा आमच्या माणसाला यावं लागत नाही आणि तुम्हालाही फेरीचे पैसे पडत नाहीत.