पार्श्वभूमी : घरच्या राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि हातचा गेलेला पब्लिक आयपी

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम (बाहेरून अमुक पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, आलेली मागणी घरातल्या अमुक यंत्राकडे पाठवायची) बरोबर घातलेला आहे, डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीचा) आयपी बरोबर आहे, पोर्ट आणि प्रोटोकॉलही बरोबर आहेत, तरी बाहेरून दुकानाचे कॅमेरे दिसत नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत ही तक्रार वाढत गेली आणि तिचं कारण बहुतेक वेळा राउटरच्या बाहेर सापडतं. ग्राहकाला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर कुठूनही पोचता येईल असा स्वतःचा पत्ता, द्यायचा, ही पद्धत बऱ्याच इंटरनेट कंपन्यांनी गाजावाजा न करता बंद केली. राउटरच्या मेन्यूतलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान मात्र होतं तिथेच राहिलं.

नॅटची, म्हणजे अनेक यंत्रांनी एकच पब्लिक पत्ता वाटून घेण्याची, कल्पना मांडणारा दस्तऐवज मे १९९४ चा. आयपी पत्ते संपण्यावर कायमचा उपाय निघेपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे, असं त्यातच लिहिलेलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या फक्त आतल्या नेटवर्कसाठीच्या प्रायव्हेट पट्ट्यांचा आजही चालणारा नियम आला. आपल्याकडे तेव्हा डायलअपचा जमाना होता. एका फोनलाइनवर एकच संगणक जोडलेला असे, त्यामुळे घरात नॅट लागायची वेळच येत नव्हती.

ती आली २००५ च्या जानेवारीपासून, सरकारी कंपनीचं टेलिफोनच्या तारेवरचं एडीएसएल ब्रॉडबँड घरोघरी पोचू लागल्यावर. मोडेममध्ये व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे कंपनीच्या जोडणीची ओळख सांगणारे आकडे टाकले की दोन रस्ते असत. ब्रिज मोडमध्ये मोडेम नुसता पुढे ढकलायचं काम करी आणि पीपीपीओईचं (नाव-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करण्याच्या पद्धतीचं) डायलिंग विंडोज एक्सपीतून होई. पब्लिक आयपी थेट संगणकाला मिळे, म्हणून पोर्ट फॉरवर्ड करायला काही उरतच नसे. धोकाही तसाच थेट होता. १३५ आणि ४४५ या पोर्टांवरून शिरणारे वर्म (आपोआप पसरणारे घातक प्रोग्रॅम) त्या काळात जोरात होते. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने ऑगस्ट २००४ पासून फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली होती, पण तो पॅक न घातलेली मशीनं गल्लोगल्ली होती.

दुसरा रस्ता म्हणजे पीपीपीओईचं नाव-पासवर्ड मोडेममध्येच टाकणं. मग पब्लिक आयपी मोडेमकडे राही, संगणक १९२.१६८.१ च्या पट्ट्यात जाई आणि ‘ॲडव्हान्स्ड सेटअप’मधल्या नॅटच्या पानावर ‘व्हर्च्युअल सर्व्हर्स’, म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम, भरावे लागत. मराठी घरांत हे पान मुख्यतः टॉरेंटसाठी उघडलं गेलं. पाचशे रुपयांच्या प्रसिद्ध प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे. त्या सहा तासांत वेग मिळावा म्हणून टॉरेंटचा पोर्ट उघडा ठेवणं, हे त्या पिढीचं नेटवर्किंगचं पहिलं शिक्षण.

तेव्हाच्या चुका ठरलेल्या असत आणि त्या आजही तशाच होतात. संगणकाचा आयपी डीएचसीपीवर (आयपी आपोआप वाटणाऱ्या सोयीवर) सोडलेला, त्यामुळे मोडेम बंद-चालू झाला की नियम भलत्याच मशीनकडे बोट दाखवतो. उपाय एकच : मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) देऊन आयपी राखून ठेवायचा आणि मगच नियम लिहायचा. दुसरी चूक तपासणीची. घरच्याच वायफायवरून स्वतःचा पब्लिक आयपी उघडून पाहायचा आणि ‘चालत नाही’ म्हणायचं. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी वाहतूक अनेक मोडेमना जमत नाही, म्हणून फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच तपासावं. तिसरी अडचण खास आपली, म्हणजे भारनियमन. वीज गेली की मोडेम बंद पडे, आली की नवा पब्लिक आयपी मिळे. राज्यभर तासन्‌तास वीज जात होती त्या वर्षांत डायनॅमिक डीएनएसशिवाय घरी परत पोचणं अशक्य होतं. आयपी बदलला की मोडेम ती सेवा देणाऱ्याला कळवी आणि ठरलेलं नाव नव्या पत्त्याकडे वळे.

मुंबई-पुण्यातल्या केबलवाल्यांचं जग याच काळात वेगळं चाललं होतं. गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच, इमारतीवरून इमारतीवर टाकलेली कॅट-५ वायर, ग्राहकाला १० ने सुरू होणारा आयपी आणि इंटरनेट सुरू करायला लॉगिनची खिडकी. पब्लिक आयपी केबलवाल्याच्या ऑफिसात असे, तोही सगळ्या पेठेत मिळून एखादा. पुढे ज्याला सीजीनॅट (कंपनीच्या पातळीवरचं नॅट) हे भारदस्त नाव मिळालं, ते या मंडळींनी गरजेपोटी आधीच करून ठेवलं होतं. फरक एवढाच की केबलवाला ओळखीचा असेल तर फोन करून त्याच्या पेटीत आपला एक पोर्ट उघडून घेता येई. मोठ्या कंपनीच्या कॉलसेंटरला असं सांगून काही होत नाही.

पत्ते खरोखर संपले ते २०११ मध्ये. ३ फेब्रुवारीला जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले. १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था आपल्या अखेरच्या गठ्ठ्यावर आली. हा गठ्ठा १०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा. त्यानंतर या गठ्ठ्यातून कोणत्याही सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळणार होते, २०१९ पासून तर फक्त ५१२. तालुक्याच्या गावी फायबर टाकणाऱ्या छोट्या कंपन्यांचे पत्ते बहुधा १०३ ने सुरू होताना दिसतात, त्याचं कारण हेच. ग्राहक वीस हजार आणि पत्ते हजार, असा हिशेब असेल तर प्रत्येकाला पब्लिक आयपी देणं गणितातच बसत नाही.

इथवरची टंचाई कोणी ठरवून आणलेली नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते कंपनी आणि ग्राहक यांच्या मधल्या नॅटसाठी कायमचे राखून ठेवले. हा मात्र सरळसरळ निर्णय होता आणि त्यावर आधी भरपूर भांडण झालं.

पट्टा राखण्याची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा तांत्रिक होता आणि तो खोडणं अवघड होतं. कंपनीने ग्राहकाला बाहेरच्या बाजूने १० किंवा १९२.१६८ चा पत्ता दिला आणि त्याच्या घरातही तोच पट्टा असला, तर राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळत नाही. घरोघरचे राउटर बदलायला लावणं शक्य नव्हतं. काही कंपन्या दुसऱ्यांच्या नावावरचे पब्लिक पत्ते गुपचूप आत वापरत होत्या, त्यापेक्षा एक अधिकृत पट्टा बरा.

विरोधकांचं म्हणणं होतं की टंचाईच्या काळात चाळीस लाखांवर पत्ते बाजूला काढणं हाच उलटा न्याय आहे. त्याने आयपीव्ही६ कडे (कितीतरी जास्त पत्ते असलेल्या नव्या पद्धतीकडे) जाण्याची निकड कमी होईल आणि कंपन्यांना मधल्या नॅटवर आरामात बसायची सोय होईल. २४० पासूनचा कोट्यवधी पत्त्यांचा पट्टा पडून आहे, तो वापरा, अशीही सूचना होती, पण जुनी उपकरणं तो पट्टा स्वीकारतच नाहीत. आणखी एक भीती होती. १०० ने सुरू होणारा पत्ता पाहून राउटर स्वतःला पब्लिक इंटरनेटवर समजेल आणि चुकीच्या सोयी आपोआप चालू करेल. डायनॅमिक डीएनएसच्या बाबतीत तसं घडताना आजही दिसतं. राउटर बाहेरच्या बाजूचा आपला १०० चा पत्ता नावासमोर नोंदवून मोकळा होतो आणि त्या नावाने जगात कुठूनही घरी पोचता येत नाही.

पट्टा राखणं चूक नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. पण त्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं होतं की सीजीनॅटमागे टॉरेंटसारख्या काही पीअर-टू-पीअर प्रोग्रॅमना आत येणारा पोर्ट उघडता येत नाही, काही खेळ अडतात आणि इंटरनेटवरून आलेला फोन कॉल लागत नाही. लिहिणाऱ्यांना तोटा माहीत होता, घेणाऱ्या कंपन्यांनाही माहीत होता. प्लॅनच्या जाहिरातीत वेग ठळक छापला गेला आणि पब्लिक आयपी मिळणार नाही हे वाक्य कुठेच आलं नाही. या सगळ्या वादात ग्राहकाच्या वाट्याला सर्वांत वाईट काही आलं असेल तर ते हे.

ग्राहकाने पोर्ट मागायची आणि कंपनीच्या नॅटने तो द्यायचा, यासाठी एप्रिल २०१३ मध्ये पीसीपी नावाचा प्रोटोकॉलही आला. घरगुती ग्राहकासाठी तो चालू ठेवणारी कंपनी शोधून सापडेल तर नशीब. त्यामागे पोर्टांचा हिशेब आहे. एका पब्लिक आयपीवर पहिले १,०२४ सोडून ६४,५१२ पोर्ट उरतात. ३२ ग्राहकांत वाटले तर प्रत्येकी २,०१६ येतात. १,०२४ पत्त्यांत अशी ३२,७६८ घरं बसतात. कोणाला पोर्टांचा कुठला गठ्ठा दिला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या बदलाने नोंदी किमान दोन वर्षं सांभाळणं आलं. प्रत्येकाच्या मर्जीचा पोर्ट या व्यवस्थेत कंपनीला नकोसाच असतो. हवा असेल तर स्टॅटिक आयपी घ्या, वेगळं भाडं भरा.

आपण कुठे आहोत हे दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅनचा (कंपनीकडच्या बाजूचा) आयपी पाहायचा आणि तो, आपला आयपी दाखवणाऱ्या कुठल्याही वेबसाइटच्या आकड्याशी ताडून पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधलं काही असेल तर सीजीनॅट आहे, राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. १० चा पत्ताही बहुधा कंपनीचाच. १९२.१६८ दिसलं तर मात्र आधी घरातच शोधावं. बहुतेक वेळा कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडतात ती पेटी) स्वतःच राउटर म्हणून चालतो आणि आपला राउटर त्याच्यामागे दुसरं नॅट करत बसतो. ओएनटी ब्रिजवर घेऊन पीपीपीओई आपल्या राउटरमध्ये टाकलं की हे दुहेरी नॅट सुटतं.

ओएनटीमध्येच नियम घालायचा असेल तर एक खाच आहे. त्यात वॅन कनेक्शन अनेकदा दोन-तीन असतात : एक कंपनीच्या दुरून देखरेखीचं, एक फोनचं, एक इंटरनेटचं. नियमाच्या पानावर यादीतलं पहिलं आपोआप निवडलेलं राहतं आणि नियम भलत्याच वाटेला लागतो. नावात ‘इंटरनेट’ आणि राउटसाठीचं ‘आर’ असलेलं कनेक्शन निवडायचं. ‘बी’ असेल तर ते ब्रिज.

पोर्ट उघडण्याच्या सवयीची दुसरी बाजू याच वर्षांत उघडी पडली. नोव्हेंबर २००१ पासून यूपीएनपीच्या मार्गाने घरातलं यंत्र मालकाला न विचारता राउटरकडून पोर्ट उघडून घेऊ शकत होतं. जानेवारी २०१३ मध्ये झालेल्या तपासणीत यूपीएनपी इंटरनेटच्या बाजूनेही उत्तर देत असलेले ८ कोटींहून जास्त पत्ते सापडले. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांची पद्धत तर आणखी सरधोपट होती. एका ब्रँडला ३७७७७, दुसऱ्याला ८०००, व्हिडिओसाठी ५५४, असे आकडे पाठ असत. नाहीच जमलं तर डीव्हीआरचा आयपी ‘डीएमझेड’च्या रकान्यात टाकून मोकळं व्हायचं, म्हणजे सगळेच पोर्ट त्याच्याकडे उघडे. पासवर्ड कारखान्यातलाच. २०१६ च्या मिराई या मालवेअरने २३ आणि २३२३ या पोर्टांवर साठेक ठरीव नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून असे कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे सरकारी ब्रॉडबँडचे हजारो मोडेम मालवेअरने निकामी केले. त्यांचेही मूळ पासवर्ड बदललेले नव्हते.

तेव्हापासून दुरून घरी पोचायची रीतच बदलली. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ॲप आणि डीव्हीआर दोघंही आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरवर भेटतात. पोर्ट लागत नाही, पण वाट त्या कंपनीच्या हातात राहते. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये सुरक्षित बोगदा टाकणारं व्हीपीएन) लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आलं आणि आणखी एक स्वस्त मार्ग मिळाला : पब्लिक आयपी असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, घरच्या यंत्राने त्याला ५१८२० या यूडीपी पोर्टवर जोडून ठेवायचं. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंदांवर ठेवावं लागतं, कारण बऱ्याच नॅटमध्ये गप्प पडलेली यूडीपी जोडणी अर्ध्या मिनिटात विसरली जाते. हा एक आकडा राहून गेला की बोगदा सकाळी चालतो आणि दुपारी बाहेरून हाक मारली तर उत्तर देत नाही.

आयपीव्ही६ वर नॅटच नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा प्रश्नही नाही. प्रत्येक यंत्राला पब्लिक पत्ता असतो, फक्त फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी पोर्ट खुला करायचा. जानेवारी २०११ च्या शिफारशीनुसार राउटर बाहेरून आलेली जोडणी मुळात अडवतात, तेच योग्य. अडचण कंपन्यांनी दिलेल्या ओएनटींची आहे. त्यांतल्या अनेकांत आयपीव्ही६ फायरवॉलला फक्त चालू आणि बंद एवढंच बटण आहे. एका डीव्हीआरसाठी ते बंद केलं की घरातला प्रिंटर आणि टीव्हीसुद्धा बाहेर उघडे पडतात. अशा घरी ओएनटी ब्रिजवर टाकून मागे एका पत्त्याचा, एका पोर्टचा नियम लिहू देणारा राउटर लावावा लागतो आणि कंपनीने दिलेला प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला तर नियम पुन्हा लिहावा लागतो.